निळ्या ठिपक्याच्या काचा

रितेशने दोन कागद तिच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि तो हसला. मुद्दाम नाही. त्याचा चेहराच तसा होता. कुणाच्या मयतालाही लोक त्याला, हसतोस काय रे, म्हणून झापत. "मॅडम, पिवळ्यात नि हिरव्यात आपलं जुळतंय," तो म्हणाला. "निळ्यात नाय जुळत. मी दोनदा मोजलं. तुमचे सगळे कमी हायत."

"सगळे?"

"एक पण सुटला नाय. आणि कमीच. चुकायचं तर माणूस दोन्हीकडं चुकतो ना? कधी जास्त, कधी कमी." मग आपण जरा जास्तच बोललो असं वाटून तो म्हणाला, "माझं पण चुकलं असंल. सरांनी सांगितलंय, तुम्ही एकदा बघून घ्या. तीन वाजता कोड उघडायचाय."

नमिताने चष्मा कपाळावर सरकवला. डाव्या कागदावर तिचं अक्षर होतं, बारीक, उभं, शाळेत बक्षीस मिळालेलं. उजवीकडे रितेशचं, बसमध्ये बसून लिहिल्यासारखं. एका ओळीत तिचे एकोणीस, त्याचे सव्वीस. तिचे सतरा, त्याचे पंचवीस. ती खाली खाली वाचत गेली आणि मध्येच तिच्या लक्षात आलं की आपण आकडे वाचतच नाही आहोत, नुसती नजर घसरते आहे. बाहेर रोह्याचा तो नेहमीचा वास होता, शेजारच्या कुठल्या तरी कारखान्याचा, सडक्या बदामासारखा. चौदा वर्षांत तो तिला यायचा बंद झाला होता. आज आला.

धंदा तसा सांगायला विचित्र. कुणी विचारलं तर ती, रोह्याला कंपनीत आहे, एवढंच सांगायची. पाच दिवसांची उंदराची पिल्लं आईपासून उचलायची, काचेच्या डब्यात ठेवायची आणि त्यांना सहा तास भुलीचा वायू द्यायचा, माणसाच्या तान्ह्या बाळाला ऑपरेशनच्या वेळी देतात तोच. मग परत आईजवळ. मोठी होऊ द्यायची. वयात आली की बघायचं, त्यांना पुढे पिल्लं होण्यात काही कमीजास्त झालं आहे का. तुलना करायला आणखी दोन गट: एकातली पिल्लं तशाच डब्यात, तितकेच तास, पण नुसत्या हवेत, दुसऱ्यातली कुठेही न हलवलेली, आईच्या पोटाशी. नरांचं काम दुसऱ्या प्रयोगशाळेकडे होतं. नमिताच्या वाट्याला माद्या आल्या. माद्याही नाहीत, त्यांची अंडाशयं. अंडाशयंही नाहीत, त्यांचे केसाहून पातळ काप, गुलाबी-जांभळे रंगवून काचांवर चिकटवलेले. त्या कापांत बीज धरून बसलेल्या बारीक गोल पिशव्या असतात. त्या मोजायच्या. मादीला जन्मभरासाठी मिळालेला साठा तेवढाच, पुढे भर पडत नाही. कुठला गट कुठला ते मोजणाऱ्याला कळू नये म्हणून काचांना नुसते रंगाचे ठिपके: निळा, पिवळा, हिरवा. ही पद्धत का, ते दिनानाथ सर दर वर्षी नव्या पोरांना समजावून सांगत. माहीत असलं की डोळा लबाडी करतो, ते म्हणत. नमिता तेव्हा मागे उभी राहून मान हलवायची.

पण तिला माहीत होतं. म्हणजे ऑक्टोबरात एका दुपारी ती सहीसाठी प्राणीगृहापर्यंत गेली होती, आणि जाड काचेच्या खिडकीतून तिने पलीकडे एक डबा पाहिला होता. डब्याला निळं कार्ड. आत आठ पिल्लं, गुलाबी, बोटाच्या पेरासारखी, एकमेकांवर पडलेली, अगदी निपचित. बरगड्या तेवढ्या हलत होत्या. तिने मान फिरवली होती. नियम पाळायचा म्हणून नव्हे, तर बघवेना म्हणून. कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? एक रंग दिसला, इतकंच. आणि ते निपचित झोपणं दिसलं, आणि ते झोपणं तिने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला ते ओळखीचं वाटलं.

तिची आई, रंभा, पेणला एका नर्सिंग होममध्ये आया होती. माहेर गडब गावचं, सासर खाडीकडचं. नवरा जनू मिठागरावर, सहा महिने काम आणि सहा महिने पत्ते. लेक तीन महिन्यांची झाली तेव्हा सांभाळायला घरात कुणी नव्हतं, म्हणून रंभा तिला कामावर घेऊन जाई. वॉर्डात पोर रडली की बाळंतिणी कुरकुरत. तेव्हा रंभाने तिची सोय थेटरात केली. ऑपरेशनच्या खोलीत एका कोपऱ्यात, सलाईनच्या बाटल्यांच्या खोक्यात, खाली जुनं लुगडं घालून. खोली गार होती, माशा नव्हत्या, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथे पोर झोपायची. दीड वर्ष ती तिथे झोपली. ही गोष्ट रंभाच्या सगळ्या आयुष्यातली सांगण्यासारखी गोष्ट होती. बारशाला, हळदीला, कुणाच्याही ओसरीवर ती सांगायची, पदर तोंडाला लावून, आधीच हसू दाबत: "आमची नमी म्हंजे रडकी. घरात डोल्याला डोला लागू देत नसं. पन थेटरात नेली का गप! डॉक्टर बोलायचे, रंभा, तुझी पोर पेशंटच्या आधी झोपते गो!" बाया हसून लोळत. नमिताही हसायची, कॉलेजात जाईपर्यंत. नंतर तिला कळलं की त्या काळी तालुक्याच्या गावात भुलीचा वायू मुखवट्याच्या कडेने अर्धा खोलीतच पसरायचा, तो बाहेर काढायची काही सोय नसायची, डॉक्टरांना दुपारी डोकेदुखी व्हायची आणि नर्सबायांचे गर्भपात व्हायचे. रंभाचेही नमिताच्या आधी दोन झाले होते. पण कळणं वेगळं आणि कुणावर बोट ठेवणं वेगळं. तिने ते कळणं वाचलेल्या इतर शेकडो गोष्टींबरोबर ठेवून दिलं. ती खूप वाचायची. एस.टी.त, कंपनीच्या बसमध्ये, चूल-भांडी आटोपल्यावर. वाचून वाचून तिला एक खोड लागली होती, की खरं असेल ते बोललंच पाहिजे, न बोलणं म्हणजे भेकडपणा.

जानेवारीत पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या अंडाशयांचा रिपोर्ट टेबलावर उलटा फिरवून तिच्यापुढे सरकवला. पस्तीस वय आणि पन्नाशीचे आकडे. "असं का होतं ते नेहमी सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि बोलताना त्यांनी पेपरवेट फिरवला. निकेश, तिचा नवरा, बाहेर आल्यावर म्हणाला, "जाऊ दे ना. आपण दोघं आहोत." मग त्याने उसाचा रस घेतला. दोन ग्लास; तिने घेतला नाही म्हणून तिचाही त्यानेच संपवला. तो वाईट माणूस नव्हता. पण त्या महिन्यापासून बहिणीच्या मुलांच्या वाढदिवसाला तो एकटा जायला लागला, तुला त्रास नको म्हणून, आणि तिला कळेना की हा उपकार आहे की काय आहे. आणि त्याच महिन्याअखेरीला काचांची पेटी तिच्या टेबलावर आली.

आता ती पेटी परत उघडून बसली होती आणि निळ्या ठिपक्याची पहिली काच तिने सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली होती, पण डोळा लावत नव्हती. फेब्रुवारीतली आपली बसण्याची तऱ्हा तिला आठवत होती. निळी काच आली की ती आधीच दमून जायची. पिवळ्या-हिरव्या काचा ती भाजी निवडावी तशी मोजायची. निळ्यांत मात्र तिला प्रत्येक पिशवी मेलेली वाटायची. कडा जरा धूसर दिसली की ती सोडून द्यायची, ही गणतीत नको, ही सुकलेली आहे. अशा कितीतरी पिशव्या ती सोडत गेली आणि त्या सोडण्यात एक कडू समाधान होतं. कुणीतरी शेवटी तिच्या बाजूने साक्ष देत होतं. असं होतं तर. म्हणून माझं असं झालं.

मार्चच्या पहिल्या रविवारी ती पेणला आईकडे गेली. आई खाली बसून वाल सोलत होती, भिजून मोड आलेले, बोटांची चिमूट करून दाबायचं की साल सुटून दाणा टुणकन उडतो. शेजारची कुणी बाई नुकती उठून गेली होती, कारण आई अजून त्या गोष्टीच्या हसण्यात होती. "आता सांगत व्हते तुझा थेटरातला," ती म्हणाली. आणि नमिता उभ्याउभ्याच बोलली. आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर आईने शिव्या तरी दिल्या असत्या.

"तू मला गॅसमध्ये झोपवायचीस, आई. मी झोपायची नाही. मला भूल चढायची."

"कंचा गॅस?"

"थेटरातला. आम्ही उंदरांच्या पिल्लांना तोच प्रकार देतो. एकदाच, सहा तास. पुढे त्यांच्यात बीजच कमी राहतं. मी स्वतः मोजलंय."

आईच्या बोटांतला दाणा उडून फळीखाली गेला. तिने तो शोधला, पुसला, टोपात टाकला. "किती दिसांची पोरं आसतात ती?"

"पाच."

"पाचवीलाच?" आई म्हणाली. "पाचवीला आमी दिवा इजू देत नाय बालंतिनीच्या खोलीत. नि तुमी पोरं उचलून नेता?" हे ती खरोखर चकित होऊन म्हणाली. मग बराच वेळ सोलत राहिली. "नि तुला मूल नाय, ता माज्यामुलं?"

नमिता नाही म्हणाली नाही. हो म्हणण्याइतकी ती क्रूर नव्हती, असं तिला त्या वेळी वाटलं. ती म्हणाली, "आकडे तसं सांगतात."

आईने वालाचं बिरडं केलं, निकेशसाठी डब्यात भरून दिलं. दारात म्हणाली, "पिल्ला नेल्यावर त्यांची आयस सोधते का गो?" नमिता म्हणाली, मला माहीत नाही, मी त्या बाजूला नसते. त्यानंतर ती गोष्ट आईने कधी सांगितली नाही. शेजारच्या पूजाच्या बाळाच्या बारशाला बायांनी गळ घातली, रंभाकाकी, ता पेशंटच्या आधीचा सांग ना. आई म्हणाली, "कंचा? मना नाय बा आठवत." आणि नमिताला, वाटीतली घुगरी खाता खाता, थोडं बरं वाटलं होतं. हे तिने स्वतःशी कबूल केलं होतं. आता तिचं ते बरं वाटणं तिच्यासमोर काचेवर पसरल्यासारखं होतं, गुलाबी-जांभळं.

एप्रिलात आई मोरीत घसरली. खुब्याचं हाड. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा: आजी, कमरेत सुई देणार, गॅस नाहीच, चार दिवसांत वॉकर घेऊन उभी करतो. आई नको म्हणाली. का नको, ते सांगेना. भावकी जमली, निकेशने हात जोडले. एका दुपारी दोघीच असताना नमिता तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, गॅस देणार नाहीत तुला." आई म्हणाली, "मना ठावं हाय गो. मी काय नवीन हाय?" आणि डोळे मिटून, "त्या खोलीत मना नाय जायचा आता." सात आठवडे. पाठीला जखमा, मग छातीत कफ, मग जूनमध्ये एका सकाळी काही नाही. त्या सात आठवड्यांत नमिताला दर दिवशी वाटे की बोलावं, आई मी बोलले ते विसर. पण खरं कसं मागे घेणार? खोटं असतं तर माफी मागितली असती. ती आईला कूस बदलून द्यायची, पावडर लावायची, आणि खऱ्याच्या आधाराने उभी राहायची. दुसरा आधार नव्हता.

जेवणाच्या सुटीत तिने रितेशला कँटीनमध्ये गाठलं. तो आधी दोन वर्षं प्राणीगृहात होता. तो गणपतींच्या ट्रकमुळे सकाळी पेणच्या नाक्यावर बस कशी अडकली ते कुणाला तरी रंगवून सांगत होता. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "रितेश, नुसत्या हवेच्या डब्यात पिल्लं काय करतात रे?"

"काय करतात म्हंजे?"

"जागी असतात? हलतात?"

"पाच दिवसांचं पिल्लू अजून काय करणार मॅडम?" त्याने पोळीचा तुकडा आमटीत बुडवला. "डोले पन उघडलेले नसतात. दूध पियाचं नि झोपायचं. खाली गरम चटई असते, ढिगारा करून झोपतात. बाहेरून बघाल तर हा डबा कंचा नि तो डबा कंचा, कलायचा नाय. म्हनून तर कार्ड लावतात."

"गॅसमध्ये जास्त निपचित असतील ना?"

"चिमटा काढला तर कलंल," रितेश म्हणाला. "माझी पोरगी आता महिन्याची हाय. दारावरनं गणपतीची मिरवणूक गेली डीजे लावून, ती झोपलेली. बायको घाबरून नाकाला बोट लावून बघत व्हती." आणि तो हसला, या वेळी खरोखर. नमिताने ताट तसंच ठेवलं. तिला एकदम त्या खोक्यातलं लुगडं जाणवलं, जुनं, शंभर वेळा धुतलेलं, गालाखाली. आठवण नव्हे, तीन महिन्यांच्या पोराला कसली आठवण असणार. पण खोली गार असेल, माशा नसतील, आणि आईचा आवाज हाताच्या अंतरावर असेल, हे धर गो, ते उकलत ठेव. अशा जागी कुठलंही पोर झोपलं असतं. झोपलं असेल. किंवा गुंगलं असेल. दोन्ही सारखंच दिसत असेल आणि वरून वाकून बघणाऱ्या बाईला त्यात आपल्या पोरीचा गुण दिसला असेल.

तीनला सरांच्या खोलीत पंखा होता, एसी बंद पडला होता. दिनानाथ सरांनी रंगांच्या कोडचं लाखबंद पाकीट कात्रीने कापलं, आतला कागद उलगडला आणि नेहमीच्या, हजेरी घेतल्यासारख्या आवाजात वाचलं. हिरवा: आईजवळच. पिवळा: वायू. निळा: हवा.

तिने विचारलं, "निळा?"

"हवा. नुसते डब्यात ठेवलेले." त्यांनी रितेशचे आकडे जुळवून बघितले. "आणि रितेशच्या मोजणीत तिन्ही गट सारखे आहेत. माद्यांमध्ये, एवढ्या मात्रेला, फरक नाही. निदान आपल्या काचांत नाही. नरांचं त्यांचं ते बघतील." मग तिच्याकडे. "तुझं निळ्यात काय झालं? तुझी मोजणी दाखला म्हणून देतो मी पोरांना."

"चुकलं, सर."

"होतं. फेब्रुवारीत मोजलंस ना? तुझं ते पनवेलचं चालू होतं तेव्हा." ते मायेने म्हणाले. "निळ्या सगळ्या परत मोज, रितेश परत मोजेल, तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलावरच्या अनिताला मोजायला लावू. कोणाचं काही नुकसान झालेलं नाही. अहवाल बाहेर जायच्या आधी सापडलं, हेच महत्त्वाचं. हा फरकाचा तक्ता भरून दे."

तक्त्यात शेवटचा रकाना कारणाचा होता. इतक्या वर्षांत तिने इतरांचे असे रकाने वाचले होते: दिवा बदलला, काच तडकली, रंग फिका. तिने लिहिलं, मोजणाऱ्याची चूक. अक्षर बारीक, उभं. सही केली, तारीख घातली. पिवळा वायू होता आणि पिवळ्या काचा तिने भाजी निवडावी तशा मोजल्या होत्या, एक न सोडता, आणि त्या भरलेल्या होत्या. आईने केलेल्या गोष्टीचा या काचांशी संबंध नव्हता. त्या खोलीतला वायू निराळा, दीड वर्ष निराळं, बाई आणि उंदीर निराळे. तिच्या पोटात जे कमी होतं ते कशामुळे, हे आता तिला कधीच कळणार नव्हतं. पण तिने आईला असं सांगितलं नव्हतं. तिने सांगितलं होतं, मी स्वतः मोजलंय.

"एक राहिलं," सर म्हणाले. पेन टोपणात घालता घालता त्यांचा आवाज जरा बदलला, कामाचा झाला. "हे निळ्याचे आकडे बाहेर कोणाला बोलली नाहीस ना? विचारावं लागतं. आपण करारात लिहून दिलेलं असतं."

"एकीला सांगितलं होतं."

सरांचा हात थांबला. "कोणाला?"

"आईला."

"म्हणजे, त्या..." ते खुर्चीत सैल झाले. "त्या जूनमध्ये गेल्या ना? मग हरकत नाही." आणि लगेच, ओशाळून, "तसं नव्हे नमिता, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"नाही सर. बरोबर आहे," ती म्हणाली. "तिने कोणाला सांगितलं नाही."

हे खरं होतं. सात आठवडे पेणपासून गडबपर्यंतची माणसं त्या खाटेभोवती येऊन बसली, आणि प्रत्येकाने तेच विचारलं. थेटरात जन्म काढलेली बाई, शेकडो पोटं फाडताना हात धरून उभी राहिलेली, आणि स्वतःच्या वेळी नको म्हणते? जावांनी टोमणे मारले, पोराटोरांनी नक्कल केली, त्या तरुण डॉक्टरनेही हसत हसत म्हटलं, काय आजी, दुसऱ्याला धीर देत होतात ना? रंभा पदर तोंडाला लावायची आणि त्यांच्याबरोबर हसायची. "भ्याले बाबा," ती म्हणायची. "भितरीच हाय मी पयल्यापासून." प्रत्येकाला हेच. आणि असं म्हणताना ती नमिताकडे चुकूनसुद्धा बघायची नाही, कुणाची नजर तिच्या मागोमाग तिकडे जाऊ नये म्हणून.